एका पत्त्यावरची एकेचाळीस खाती

आमच्या बँकेत काकूंना सगळेच काकू म्हणत. मॅनेजरसाहेब त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे, तरी तेही काकूच म्हणत आणि काकू बिनदिक्कत ओ देत. मी तिथे कॉम्प्युटर सांभाळायला लागले तेव्हा मला वाटलं, या इथल्या कुणाच्या तरी खऱ्याखुऱ्या काकू असणार. कुणाच्या, ते मी पहिला महिनाभर शोधत होते.

बँक म्हणजे तरी काय, चष्म्याच्या दुकानावरचा पहिला मजला. तीन खोल्या, एक तिजोरी आणि एक असा जिना, ज्याच्या सातव्या पायरीवर प्रत्येक नवा माणूस ठेचकाळतोच. आसपासच्या दुकानदारांनी, मास्तरांनी, नर्सबाईंनी थोडे थोडे पैसे घालून ती कधीकाळी उभी केली. एकूण अकराशे सभासद. निम्म्यांना काकू चेहऱ्याने ओळखत आणि उरलेल्यांना अक्षरावरून.

काकूंचं टेबल आवक-जावकचं. आलेलं प्रत्येक पत्र एका वहीत, गेलेलं दुसऱ्या वहीत. बावीस वर्षांतली पहिली अकरा त्यांनी खातं उघडायच्या खिडकीवर काढली, नंतरची अकरा या टेबलावर. आता बँकांवर देखरेख ठेवणारं जे नियामक कार्यालय असतं, त्याला आम्ही नुसतं ‘वरचे’ म्हणायचो. वरच्यांची पत्रं पहिल्यांदा काकूंच्या हातात पडत, म्हणून त्यांची उत्तरंही हळूहळू काकूंच्याच गळ्यात पडली. कुणी नेमलं नाही, कुणी पगार वाढवला नाही. पदरी पडलं आणि पवित्र झालं.

आणि ती पत्रं यायची तीही अशी, की आज सकाळी आलं आणि आज दुपारपर्यंत उत्तर पाहिजे. एकदा विचारलं, शाखेतली लिफ्ट वर्षभरात किती वेळा बंद पडली? काकूंनी लिहिलं, लिफ्ट नाही. ते परत आलं, उत्तर आकड्यात द्या. काकूंनी शून्य लिहिलं. तर दुसऱ्या दिवशी विचारणा आली, एकदाही बंद न पडलेल्या लिफ्टच्या देखभालीचा दाखला जोडावा. काकूंनी तेव्हा चष्मा काढून टेबलावर ठेवला, पाच मिनिटं भिंतीकडे बघितलं आणि मग मला म्हणाल्या, “सिस्टीम, जिन्याचा फोटो काढून आण.”

मला सगळे सिस्टीमच म्हणत. कॉम्प्युटरचं सगळं मीच बघायचे, त्यामुळे माझं नाव बहुधा कुणाच्या लक्षातच राहिलं नाही.

काकूंचा एक नियम होता. “विचारलंय तेवढंच सांगायचं. कमी सांगितलं की संशय येतो, जास्त सांगितलं की प्रश्न येतात.” या नियमावर त्यांनी कितीतरी पत्रांना उत्तरं दिली आणि एकदाही मुदत चुकवली नाही. म्हणून त्या दिवशी जे झालं, त्याचा अर्थ मला अजूनही नीट लावता येत नाही.

मंगळवार होता. अकरा वाजून दहा मिनिटांनी पत्र आलं. काकूंनी ते एकदा वाचलं, मग मोठ्याने वाचलं, मग मला बोलावून माझ्याकडून वाचून घेतलं.

“‘सोबत नमूद पत्त्याशी संलग्न सर्व खात्यांचा तपशील, परिचयदात्यांच्या माहितीसह व संबंधाच्या स्पष्टीकरणासह, आज सोळा वाजण्यापूर्वी सादर करावा.’ काकू, सोळा म्हणजे चार ना?”

“चार. पुढे वाच.”

“घर क्रमांक चार भागिले दोन ब, मागील गल्ली.”

“ही मागील गल्ली कुठली गं? कशाच्या मागे?”

मॅनेजरसाहेब बाहेर आले. त्यांनीही वाचलं. ते म्हणाले, “स्टेशनमागे असेल.” मी म्हटलं, शाळेमागे. काकू म्हणाल्या, शाळेमागे गल्ली नाहीच, भिंत आहे. असा दहा मिनिटं आमचा काथ्याकूट चालला. आमच्या यंत्रात नावावरून खातं सापडायचं, नंबरवरून सापडायचं, पण पत्त्यावरून शोधायची सोयच नव्हती. कुणाला ती कधी लागलीच नव्हती. शेवटी मी सगळ्या खात्यांची यादी काढली आणि पत्त्याच्या रकान्याप्रमाणे लावून घेतली.

एकेचाळीस खाती निघाली. एकाच घरात.

“एकेचाळीस?” मॅनेजरसाहेब खुर्चीत बसले. “अहो, ही बनावट खाती असणार. कुणीतरी आपल्याला गंडवलंय. पहिलं खातं कुणाचं आहे?”

मी पडद्याकडे बघितलं. मग काकूंकडे बघितलं. मग पुन्हा पडद्याकडे.

“काकू, पहिलं तुमचं आहे. आणि दुसरं काकांचं.”

काकू हसल्याच आधी. त्यांना वाटलं, मी थट्टा करतेय. मग त्यांनी चष्मा चढवून स्वतः बघितलं आणि त्यांचा चेहरा असा झाला, जसा आरशात दुसऱ्याच कुणाला बघितल्यावर होईल. सात वर्षांपूर्वी नगरपालिकेने घरांचे नंबर बदलले होते, गल्लीला नाव दिलं होतं. काकू तेव्हापासून नवाच पत्ता लिहीत. स्वतःच्या खात्यावरचा बदलायचा तेवढा राहून गेला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्या आपल्याच घराचा पत्ता पंचवीस मिनिटं ओळखू शकल्या नव्हत्या.

“पण आम्ही तर दोघंच राहतो,” त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही.

मी खाते उघडण्याचे जुने अर्ज कपाटातून काढले. प्रत्येक अर्जावर ओळख देणाऱ्याची सही असते. जुना खातेदार सही करतो, की या माणसाला मी ओळखतो, मग नव्याचं खातं उघडतं. त्या दोघांचे सोडून उरलेल्या एकोणचाळीस अर्जांपैकी चौदांवर काकूंची सही होती. ते बघून काकूंना हळूहळू आठवायला लागलं. नदीवर पुलाचं काम चालू होतं तेव्हाचे मजूर होते ते. पूल पुढे सरके तशी त्यांची वस्ती पुढे सरके, त्यांना पत्ता असणार कुठून? एक आचारी होता, वर्षातले दहा महिने जहाजावर असायचा. हॉस्पिटलच्या धुलाईत काम करणारी एक बाई होती, ती दर तीन-चार महिन्यांनी खोली बदलायची.

“पत्त्याशिवाय खातं उघडत नव्हतं,” काकू म्हणाल्या. “आणि खात्याशिवाय त्यांचा पगार होत नव्हता. मी म्हटलं, माझा लिहा. तेव्हाच्या साहेबांना विचारलं होतं मी. ते म्हणाले होते, बघा बुवा.”

“बघा बुवा म्हणजे हो की नाही?” मॅनेजरसाहेबांनी विचारलं.

“ते मला तेव्हाही कळलं नव्हतं.”

“बरं, ही चौदा झाली. बाकीची पंचवीस?”

बाकीच्या पंचवीस अर्जांवरची सही वळणदार, उजवीकडे झुकलेली होती. काकूंना ती ओळखायला एक क्षणही लागला नाही. त्यांच्या नवऱ्याची होती.

त्यांनी वरच्यांना फोन लावला. मुदत वाढवून मागायचा त्यांचा विचार होता. फोनवर एक अधिकारी होता, आवाज तरुण आणि अतिशय सभ्य.

“पत्र वाचलंत ना?” त्याने विचारलं.

“चारदा वाचलं.”

“मग त्यात सगळं आहे.”

“काय झालंय ते नाहीये त्यात.”

“काय झालंय ते तुम्ही कळवायचंय.”

“बरं. पण थोडी मुदत मिळेल का? उद्या सकाळपर्यंत?”

“मिळते ना. मुदतवाढीचा अर्ज मुदत संपायच्या एक दिवस आधी करावा लागतो.”

काकू म्हणाल्या, “म्हणजे मी तो काल करायला हवा होता.”

“हो.”

“पण पत्र आज आलं.”

“ते मी समजू शकतो,” तो म्हणाला, आणि खरंच समजू शकत असावा असा त्याचा आवाज होता. पण त्याने आमचं काही भागलं नाही.

फोन ठेवल्यावर मॅनेजरसाहेबांनी दार लोटून घेतलं. मला थांबायला सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते, हे मला इथे सांगायला हवं. ते फक्त घाबरले होते. त्यांच्या निवृत्तीला चौदा महिने राहिले होते.

“हे बघा काकू,” ते म्हणाले. “आपण लिहू की पत्ते भरताना चूक झाली. एकाच पत्त्याची ओळ खाली खाली उतरत गेली. असं होतं. होतं ना गं?”

“होऊ शकतं,” मी म्हटलं. पत्ते भरायचं काम माझं होतं.

“मग ते हिच्यावर येईल,” काकू म्हणाल्या.

“हिच्यावर कशाला येतंय? सिस्टीमची चूक झाली म्हणजे कुणाचीच चूक नाही झाली.”

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता त्या काहीतरी ठामपणे म्हणतील. पण त्या म्हणाल्या, “मला कळत नाहीये. मला आधी घरी जाऊन यांना विचारू द्या.”

दुपारचा एक वाजून गेला होता. माझी स्कूटर होती. काकू मागे बसल्या आणि घर येईपर्यंत एकच वाक्य दोनदा बोलल्या, “अगं, पंचवीस सह्या म्हणजे काय गंमत आहे का?”

काका शिवणकाम करत. घराच्याच पुढच्या खोलीत दुकान होतं, दारावरच्या पाटीवर अजून जुनाच नंबर. सगळे त्यांना मास्तर म्हणत. आम्ही गेलो तेव्हा ते हॉस्पिटलचे पडदे शिवत होते, खोलीभर हिरवं कापड पसरलं होतं. काकू त्या कापडाच्या कडेला उभ्या राहिल्या.

“अहो, आपल्या या घरात किती माणसं राहतात?”

मास्तरांनी मशीन थांबवलं. “दोन. का? कुणी येणार आहे का?”

“एकेचाळीस राहतात. बँकेत नोंद आहे.”

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं, मी खांदे उडवले. मग त्यांना उमगलं असावं. त्यांना मुळीच धक्का बसला नाही, हे बघून काकूंना जास्त धक्का बसला.

“ती होय! ती पत्रवाली मंडळी.”

“कुठली पत्रवाली?”

“अगं, ज्यांची पत्रं येतात. दुपारी पोस्टमन टाकून जातो, संध्याकाळी ते घेऊन जातात. तू सहाला येतेस, त्याच्या आत येऊन जातात बिचारे. तुझीच तर माणसं आधी. मग त्यांनी आपल्यासारख्यांना सांगितलं, की मास्तरांकडे पत्र हरवत नाही.”

“आणि सही? ओळखतो म्हणून सही केलीत?”

“ओळखतोच की. तूच एकदा जेवताना म्हणाली होतीस, ओळखीच्या माणसाने सही केली की खातं उघडतं. मी काय न ओळखता केली?”

“मला का नाही सांगितलंत?”

यावर मास्तर खरंच गोंधळले. “यात सांगण्यासारखं काय होतं?”

मला अजून आठवतं, काकू त्या हिरव्या कापडावरून चालत जाऊन खुर्चीत बसल्या. कापडावर पाय दिल्याबद्दल मास्तर काही बोलले नाहीत. मी घड्याळाकडे बघत होते. पावणेदोन झाले होते.

“कुणी कधी पत्र नेलं, त्याचा काही पुरावा आहे का?” मी विचारलं. “सही, अंगठा, काहीही?”

“पुरावा कशाला? मापांच्या वहीत आहे की.”

त्यांनी फळीवरून वह्या काढल्या. लांबट, पुठ्ठ्याच्या, सात वह्या. प्रत्येक गिऱ्हाइकाची मापं त्यांत होती, आणि ज्यांची पत्रं येत त्यांची मापंही मास्तरांनी घेऊन ठेवली होती, कारण नुसतं नाव लिहिलं तर माणूस लक्षात राहत नाही असं त्यांचं म्हणणं. एका पानावर मी वाचलं, ‘जहाजावरचा आचारी. पोट ४२, दंड १४. पत्र दिलं.’ खाली तारीख, आणि आचाऱ्याची सही. पुढच्या ओळीत पुन्हा, ‘पत्र दिलं. पोट ४४.’

“त्यांचे कपडे शिवलेत तुम्ही?” मी विचारलं.

“काहींचे. बाकीचे म्हणायचे, मास्तर, पुढच्या वेळी.”

सातही वह्या पिशवीत घालून आम्ही परत निघालो. जाताना मास्तरांनी काकूंना विचारलं, “माझं काही चुकलं का गं?” काकू म्हणाल्या, “मला माहीत नाही हो. माझं चुकलं की नाही तेच मला अजून माहीत नाही.”

बँकेत आल्यावर सव्वादोन. मॅनेजरसाहेबांनी त्यांचं उत्तर टाइप करून ठेवलं होतं, तीन ओळींचं, अगदी गुळगुळीत. फक्त काकूंनी ते पाठवायचं होतं, कारण पाठवायचा पासवर्ड त्यांच्याकडेच होता. काकूंनी ते वाचलं. कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहायला लागल्या.

“काकू, तुम्ही स्वतःच यात आहात. तुम्ही उत्तर देणं बरं दिसत नाही,” साहेब म्हणाले.

“मग तुम्ही द्या. माझं म्हणणं म्हणून हे पुढे जोडा. पण हिच्यावर नाही टाकायचं.”

“अहो, नोकरी जाईल तुमची.”

“जाईल का?” काकूंनी खरंच विचारलं. “कुठल्या नियमाने? मी ते शोधतेय सकाळपासून, मला सापडत नाहीये. सापडला असता तर बरं झालं असतं.”

साहेब खिडकीशी जाऊन उभे राहिले. थोड्या वेळाने आले आणि वह्यांची पानं झेरॉक्स मशीनवर स्वतःच लावायला लागले. त्यांनी मत बदललं की त्यांना नुसतं हाताला काम हवं होतं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

खरी अडचण पुढेच होती. वरच्यांचा एक तक्ता असतो, तो भरल्याशिवाय उत्तर जात नाही. प्रत्येक खात्यापुढे एक रकाना होता, ‘पत्त्याच्या मालकाशी खातेदाराचा संबंध’. त्यात मनाने लिहिता येत नव्हतं. यादीतून निवडायचं होतं. कुटुंबीय, भाडेकरू, नोकर, भागीदार, इतर.

काकू त्या पाच शब्दांकडे इतका वेळ बघत बसल्या, की मला वाटलं त्यांना बरं वाटत नाहीये.

“कोण गं ही माणसं माझी?” त्या म्हणाल्या. “कुटुंबीय नाहीत. भाडं कधी घेतलं नाही. नोकर तर नाहीतच.”

“इतर लिहा, काकू. तीन वाजले.”

“इतर लिहिलं की पुढे खुलासा मागतंय. शंभर अक्षरांत.”

एकोणचाळीस माणसं आणि प्रत्येकी शंभर अक्षरं. आम्ही वाटून घेतलं. काकू वहीतून सांगत, मी टाइप करत होते. पहिल्यापुढे त्यांनी बराच विचार करून सांगितलं, ‘राहत नाही. पत्र ठेवून घेतो आणि हातात देतो. ओळखतो.’ मी अक्षरं मोजली, बसत होती. तेच वाक्य पुढच्या प्रत्येकापुढे चालवू का, असं मी विचारलं तर त्या म्हणाल्या, नको, प्रत्येकाचं वेगळं आहे. धुलाईतल्या बाईपुढे आम्ही लिहिलं, ‘खोली बदलते, हॉस्पिटल बदलत नाही. तिथे विचारावं.’ पुलावरच्या एकापुढे, ‘पूल झाला. माणूस कुठे गेला ते विचारून कळवतो.’ विचारलंय तेवढंच सांगायचं, हा त्यांचा नियम त्या दिवशी पार मोडला.

चार वाजायला अकरा मिनिटं असताना मी बटण दाबलं. यंत्राने फाइल परत पाठवली, नावात मराठी अक्षरं चालत नाहीत. नाव बदललं. पुन्हा परत, फाइल फार मोठी. झेरॉक्सची पानं दोन भागांत केली. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी पडद्यावर हिरवा शब्द आला, ‘प्राप्त’. मॅनेजरसाहेब म्हणाले, “झालं.” काकू म्हणाल्या, “काय झालं?”

पुढचे एकोणीस दिवस काही आलं नाही. काकू रोज पत्रं उघडत, वहीत चढवत, आणि शेवटचं उघडून झालं की एक श्वास सोडत. तो सुटकेचा होता की निराशेचा, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. “शिक्षा झाली असती तरी चाललं असतं,” त्या मला एकदा म्हणाल्या, “पण हे म्हणजे धड बुडणं नाही, धड तरणं नाही.” घरी मास्तरांनी पत्रं घ्यायचं बंद केलं होतं. पोस्टमनला ते म्हणत, बँकेत विचारून सांगतो. पोस्टमन ती परत नेई आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आणी, कारण कुठे परत पाठवायची ते त्याला माहीत नव्हतं.

विसाव्या दिवशी वरच्यांचं पत्र आलं. आजच, संध्याकाळी पाचपर्यंत. मजकूर एका ओळीचा, ‘जोडपत्र दोन, पान बारा वरील “पोट ४२” या सांकेतिक नोंदीचा अर्थ स्पष्ट करावा.’

मॅनेजरसाहेब डोकं धरून बसले. काकूंनी मात्र दोन मिनिटांत उत्तर लिहिलं, ‘सदर नोंद सांकेतिक नाही. ते पोटाचं माप आहे, इंचात.’ मी विचारलं, दोन वर्षांत ते चव्वेचाळीस का झालं, हेही लिहायचं का? काकू त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा मोकळ्या हसल्या.

मग वरच्यांकडून तपासणीला एक बाई आल्या. पस्तिशीच्या असतील, हातात एकच पातळ फाइल. सातव्या पायरीवर ठेचकाळल्या, आत आल्या आणि दिवसभर वह्या वाचत बसल्या. काकू समोर बसून होत्या. बाईंनी काही विचारलं की काकू सांगत, नाही विचारलं की गप्प बसत. शेवटी त्या बाई म्हणाल्या, “एक प्रश्न माझा आहे, कार्यालयाचा नाही. यातून तुम्हाला काय मिळत होतं?”

काकूंनी खूप विचार केला. “मिळण्यासारखं काय असतं यात? मला सांगा, म्हणजे मिळालं का ते मला बघता येईल.”

त्या बाईंनी हे कुठे लिहिलं की नाही, मला दिसलं नाही.

आदेश महिन्याभराने आला. तो मी चारदा वाचलाय आणि प्रत्येक वेळी मला तो वेगळा वाटतो. बँकेला समज देण्यात आली. कर्मचाऱ्याने यापुढे कुणाची ओळख द्यायची नाही, कर्मचाऱ्याच्या घरच्यांनीही नाही. काकूंना लेखी ताकीद. तिची नोंद त्यांच्या सेवापुस्तकात करायची, आणि आलेलं पत्र म्हणून आवकच्या वहीतही, म्हणजे ती नोंद काकूंनीच केली, आपल्या त्याच बारीक अक्षरात. आणि शेवटचं कलम असं होतं, की कायम पत्ता नसलेल्या खातेदारांची पत्रं बँकेने शाखेतच ठेवून घ्यावी, ती हातात देऊन पोच घ्यावी, आणि या कामी एक जबाबदार व्यक्ती नेमावी.

“म्हणजे आमच्या घरी होत होतं तेच ना हे?” काकूंनी विचारलं.

“तेच,” साहेब म्हणाले.

“मग ताकीद कशाची?”

“घरी होत होतं त्याची, बहुतेक.”

“आणि जबाबदार व्यक्ती कोण?”

साहेबांनी नुसतं त्यांच्याकडे बघितलं. काकू म्हणाल्या, “ही शिक्षा आहे की बढती, तेवढं सांगा. घरी यांना काय सांगू मी?” साहेब म्हणाले, “मला विचाराल तर मला माहीत नाही. सांगा की, काम वाढलं.”

बँकेत येऊन नवी माहिती द्या, असे एकोणचाळीस जणांना निरोप गेले. एकतीस आले. कुणी तारखेवर आले, कुणी रजा काढून, धुलाईतली बाई तर कामावरच्याच कपड्यांत, साबणाच्या वासासकट. तिने विचारलं, “आता मास्तरांकडे जायचं नाही का?” काकू म्हणाल्या, “नाही, आता इथे यायचं.” ती म्हणाली, “पण इथे माप कोण घेणार?” आणि मग दोघी बराच वेळ हसत राहिल्या. जहाजावरचा आचारी आला, तो खरंच बराच सुटला होता.

आठ जण मात्र आले नाहीत. त्यांना शोधायला पुढचे पाच रविवार काकू आणि मास्तर दोघं फिरले. मीही दोनदा गेले. कुठे जुन्या मुकादमाला विचार, कुठे बंद पडलेल्या चहाच्या टपरीशेजारच्या पंक्चरवाल्याला विचार. ज्यांना ‘ओळखतो’ म्हणून सही केली, त्यांच्याबद्दल आपल्याला किती थोडं ठाऊक होतं, हे त्या दोघांना तेव्हा कळत गेलं असावं. एका घरासमोर मास्तर म्हणाले, “याची छाती अडतीस, हे मला पाठ आहे, पण याला मुलं किती ते मी कधी विचारलंच नाही.” तिघं सापडले. चौथा वारला होता. त्याच्या बायकोला ते खातं आहे हेच माहीत नव्हतं. काकूंनी तिच्याजवळ बसून तिथेच तिचा अर्ज लिहून दिला.

चौघं राहिले ते राहिलेच.

वरच्यांकडे पाठवायचा शेवटचा तक्ता भरायचा दिवस आला. पस्तीस जणांपुढे नवी माहिती भरली. राहिलेल्या चौघांपुढे पत्त्याचा रकाना रिकामा ठेवला तर यंत्र पुढे जाईना. “काय घालू, काकू?” मी विचारलं.

“जे खरं आहे ते घाल. लागला नाही.”

मी टाइप केलं. पत्ता: लागला नाही. यंत्राने ते मुकाट्याने घेतलं, चारही वेळा. मी म्हटलं, “घेतलं की.” काकू पडद्याकडे वाकून बघत होत्या. “घेतलं?” त्या म्हणाल्या. “मग आता ते काय करतील याचं?”

मला माहीत नव्हतं. मी पाठवलं.